गाडीच्या नंबराचं गणित छापून कसं आणावं

जुन्या शहरातून नदीपलीकडे जायचं म्हणजे मोर्णेच्या पुलावर अडकणं आलंच. पुढे ऑटो, मागे ऑटो, मधे एखादी म्हैस. अशा वेळी मी समोरच्या गाडीचा नंबर धरतो. एम. एच. ३० सोडून द्यायचं, ते आपल्या अकोल्याचं सगळ्यांनाच असतं. पुढचे चार आकडे घ्यायचे. समजा ८५११. आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावले तर ८५११, उलटे लावले तर ११५८. वजाबाकी ७३५३. पुन्हा तेच: ७५३३ वजा ३३५७, आले ४१७६. पुन्हा: ७६४१ वजा १४६७, आले ६१७४. आता यापुढे कितीही वेळा करा, ६१७४च येणार. एवढं होईस्तोवर ऑटो चार हात पुढे सरकलेला असतो.

खेळ माझा नाही, देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा आहे. पण जुन्या शहरात हा खेळ मी इतक्या पोरांना लावला की एक दिवस डाबकी रोडवरचा आठवीतला मुलगा वहीभर नंबर घेऊन आला आणि म्हणाला, "सर, हे छापून येते काय? कोठी पाठवा लागते?"

त्याला मी तेव्हा अर्धवट उत्तर दिलं. पूर्ण उत्तर पुढे देतो आहे. गमतीचं गणित लिहिणाऱ्या कोणालाही चालेल, मग तो मास्तर असो, पोस्टातला कारकून असो की आठवीतला मुलगा. भारतीय गणित परिषदेची, म्हणजे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीची, स्थापना १९०७ साली करणारे रामस्वामी अय्यर हे तरी कुठे प्राध्यापक होते? डेप्युटी कलेक्टर होते.

पहिलं काम: आपल्याजवळ नेमकं काय आहे ते एका पानात लिहा.

या गणिताचे ढोबळ चार प्रकार पडतात. कोडं, म्हणजे वाचकानं सोडवायचा प्रश्न. गंमत, म्हणजे आकड्यांचा एखादा गुण, सिद्धतेशिवाय सांगितलेला. सिद्धता, म्हणजे तो गुण का आहे याचं कारण. आणि वर्गातला अनुभव, म्हणजे हे मुलांसमोर मांडलं तेव्हा काय झालं. चारही एकाच लेखात कोंबलेले मसुदे मी पाहिले आहेत (दोन माझेच होते). असा मसुदा कोणत्याच संपादकाच्या उपयोगाचा नसतो. एका पानात मावत नसेल तर आपल्याकडे एकाऐवजी दोन लेख आहेत असं समजा.

दुसरं काम: हे जुनं आहे का, ते पाहा. इथे मी स्वतः तोंडावर आपटलो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाड्यांचे नंबर ०००१ ते ९९९९. त्यातून ११११, २२२२ असे एकाच आकड्याचे नऊ काढून टाका, कारण त्यांची वजाबाकी पहिल्याच फटक्यात शून्य. उरले ९९९०. मला हौस सुटली की यातले किती नंबर किती पायऱ्यांत ६१७४ला पोचतात ते मोजावं. एक उन्हाळा गेला. उत्तर असं निघालं की सर्वांत जास्त, २४०० नंबर, बरोबर तीन वजाबाक्यांत पोचतात. सातच्या वर कोणालाच लागत नाहीत आणि पुरत्या सात लागणारे आहेत २१८४. २००५ हा त्यातलाच एक: ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. मी नऊ पानी लेख केला, सुवाच्य अक्षरात लिहिला आणि एका संपादकांना पाठवला. दीड महिन्यानं दोन ओळींचं पत्र आलं. मोजणी अचूक आहे, पण ती फार पूर्वीच झालेली आणि ठिकठिकाणी छापलेली आहे.

राग आला, तो त्यांचा नव्हे, उन्हाळ्याचा. पाच मिनिटांत कळणारी गोष्ट होती. आता मी आधी आकडे एका ओळीत लिहितो आणि ते ओईआयएस या कोशात टाकून बघतो. पूर्णांकांच्या क्रमिकांचा हा कोश नील स्लोन यांनी १९६४ साली कार्डांवर सुरू केला, १९९६ पासून तो इंटरनेटवर आहे, फुकट आहे. सुरुवातीची पाच-सहा पदं टाकली की क्रमिका माहीत आहे की नाही ते लगेच समोर येतं. १, ९, ४५, ५५, ९९, २९७ टाकून बघा. ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. या संख्यांना तिथे कापरेकर संख्या म्हणूनच नाव आहे. आणि आपली क्रमिका तिथे सापडलीच नाही, तर तो कोश हेच छापण्याचं पहिलं ठिकाण. खऱ्या नावानं नोंदणी करायची, क्रमिका मांडायची, तिचा नियम आणि दोन-तीन उदाहरणं द्यायची. स्वयंसेवक संपादक ती तपासतात, प्रश्न विचारतात, दुरुस्त्या सांगतात. त्यांच्या प्रश्नांना चिडू नये. लेख लिहायची तालीम त्यातच होते.

जुनं निघालं म्हणून वही जाळू नका. रंजक गणितात गणित जुनं असलं तरी मांडणी नवी असेल तर चालतं. फक्त ते 'माझा शोध' म्हणून पाठवायचं नाही, आणि जिथे शोधच मागतात तिथे पाठवायचं नाही.

तिसरं काम: वाचक ठरवा, मग ठिकाण. लोक उलट करतात. आधी मोठ्या नियतकालिकाचं नाव धरतात आणि मग त्यात आपलं गणित बसवायला जातात.

लहान मुलांसाठी असेल तर मराठीत 'किशोर' आहे. बालभारतीचं मासिक, १९७१च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं. तिथे सिद्धता नको, कोडं हवं, आणि कोड्यात गोष्ट हवी. हिंदीत लिहिता येत असेल, आणि वऱ्हाडात बहुतेकांना येतं, तर भोपाळच्या एकलव्य संस्थेचं 'चकमक' आहे. त्यात 'माथापच्ची' नावाचं पान कोड्यांचंच.

थोड्या मोठ्या, विज्ञानाची आवड असलेल्या वाचकासाठी 'मराठी विज्ञान परिषद पत्रिका' आणि १९२८ पासूनचं 'सृष्टिज्ञान'. शिक्षकांसाठी पुण्याचं द्वैमासिक 'शैक्षणिक संदर्भ', राज्य मंडळाचं 'शिक्षण संक्रमण', 'जीवन शिक्षण'. या तिघांना वर्गातला अनुभव लागतो. नुसती गंमत पाठवली तर ती पडून राहील. तीच गंमत मुलांनी कशी हाताळली, कुठे अडली, कोणी भलताच पण सुंदर प्रश्न विचारला, हे लिहिलं तर वाचली जाईल.

वर्तमानपत्राला कमी लेखू नका. अकोल्यातूनच 'देशोन्नती' निघतो, इतर मोठ्या पेपरांच्या इथल्या आवृत्त्या आहेत, त्यांच्या पुरवण्या आहेत. चारशे शब्दांत बसणारं आणि आकृती नसलेलं गणित असेल तर पुरवणीला चालतं. आकृती असली की ती छपाईत कुठे तरी हरवते, हा अनुभव आहे. आणि दिवाळी अंक! पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला तो 'मासिक मनोरंजन'नं. मनोरंजक गणिताला त्या परंपरेत जागा मागायचा हक्क आहेच. जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या छोट्या दिवाळी अंकांना कथा-कविता ढिगानं येतात, गणित कोणी पाठवत नाही. तिथे आपली गर्दी आपल्यापुरतीच.

इंग्रजी जमत असेल तर देशातच चांगली दारं आहेत. बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं 'रेझोनन्स' १९९६ पासून दरमहा निघतं. त्यात 'क्लासरूम' आणि 'थिंक इट ओव्हर' हे विभाग आपल्यासारख्यांच्या कामाचे. अझीम प्रेमजी विद्यापीठाचं 'अ‍ॅट राइट अँगल्स' २०१२ पासून आहे आणि ते शाळेच्या गणितासाठीच. माझ्या मते शिक्षकानं इंग्रजीत पहिला लेख पाठवायचा तर इथेच. चेन्नईच्या गणित शिक्षक संघटनेचं, १९६५ साली स्थापन झालेल्या एएमटीआयचं, 'ज्युनिअर मॅथेमॅटिशियन' शाळकरी मुलांसाठी आहे.

परदेशातलं एकच दार आधी सांगतो, कारण ते सर्वांत सोपं आहे आणि कोणालाच सुचत नाही. लेख लिहू नका, उत्तर पाठवा. कॅनडाचं 'क्रक्स मॅथेमॅटिकोरम' १९७५ पासून निघतं, २०१९ पासून सगळ्यांना फुकट वाचायला मिळतं. त्यात प्रश्न छापतात आणि पुढच्या अंकांत बरोबर उत्तर पाठवणाऱ्यांची नावं गावासकट छापतात. एक प्रश्न सोडवा, उत्तर नीट लिहून पाठवा. नावापुढे अकोला लागेल. उत्तरं पाठवता पाठवता प्रश्न कसा मांडतात ते कळतं, आणि मग स्वतःचा प्रश्न पाठवता येतो. रामानुजननीसुद्धा गणित परिषदेच्या नियतकालिकात प्रश्न पाठवले होतेच. १९११ साली त्यांनी विचारलेल्या एका वर्गमुळांच्या माळेला सहा महिने कोणाकडूनच उत्तर आलं नाही. शेवटी त्यांनीच ते दिलं: ३.

निव्वळ रंजक गणिताचं म्हणून पोर्तुगालच्या 'लुडस' संस्थेचं 'रिक्रिएशनल मॅथेमॅटिक्स मॅगझिन' २०१४ पासून आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचं 'पॅराबोला' १९६४ पासून शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी आहे. 'जर्नल ऑफ रिक्रिएशनल मॅथेमॅटिक्स'चं नाव जुन्या पुस्तकांत वारंवार भेटेल, कापरेकरांचं लेखनही त्यात आलं होतं, पण ते २०१४ साली बंद पडलं. त्या पत्त्यावर पाकीट पाठवू नका.

चौथं काम: ठरवलेल्या ठिकाणचे मागचे तीन अंक वाचा. वाचनालयात बसून किंवा मोबाइलवर. लेख किती शब्दांचे असतात, सूत्रं किती असतात, सुरुवात कशी करतात हे पेन्सिलनं टिपून घ्या. एवढं पुरे. हे काम कोणी करत नाही, म्हणून परत येणाऱ्या लेखांची थप्पी मोठी असते.

पाचवं काम: एकाच गणिताचे तीन तुकडे कापा. नंबरप्लेटचंच घेऊ.

मुलांच्या मासिकासाठी मी अडीचशे शब्द लिहिले. पुलावर ऑटो अडकलाय, समोर ८५११. एक नंबर करून दाखवला, दुसरा वाचकावर सोडला आणि शेवटी विचारलं की अकोल्यात असे कोणते नऊ नंबर आहेत जे ६१७४ला कधीच पोचत नाहीत? बस. कारण सांगितलं नाही.

शिक्षकांच्या मासिकासाठी गोष्टच वेगळी. चार आकडे उतरत्या क्रमानं क, ख, ग, घ धरले तर पहिली वजाबाकी येते ९९९(क−घ) + ९०(ख−ग). म्हणजे नंबर कोणताही असो, उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. क−घ असतो १ ते ९ आणि ख−ग त्याहून मोठा होऊ शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर भरतात फक्त ५४. नऊ हजार नऊशे नव्वद गाड्या आणि ५४ जोड्या! आमच्याकडे एका वर्गात तेवढी पोरं सहज असतात. एकेकाला एकेक जोडी वाटून दिली, पाटावर बसल्या बसल्या प्रत्येकानं आपली जोडी ६१७४पर्यंत नेली, आणि अर्ध्या तासात सगळ्या अकोला जिल्ह्याच्या गाड्यांची सिद्धता फळ्यावर उभी राहिली. माझ्या उन्हाळ्यात काय चुकलं होतं ते मला त्या तासाला कळलं. मी गाड्या मोजत बसलो होतो, जोड्या नव्हे. लेख झाला तो या तासाचा.

तिसरा तुकडा कोड्यांच्या पानासाठी, गोष्ट सगळी काढून टाकून: एकाच वजाबाकीत ६१७४ येईल असे चार अंकी गट किती? (क−घ ६ आणि ख−ग २ हवा, एवढी सूचना पुरे. ६१७४ स्वतः धरून ३८४.) दोन ओळींचा प्रश्न, सहा ओळींचं उत्तर. प्रश्नासोबत स्वतःचं पूर्ण उत्तर जोडलंच पाहिजे, नाहीतर संपादक तो बाजूला ठेवतात.

एकच लेख तीन ठिकाणी पाठवणं मात्र वेगळं आणि वाईट. एक लेख एका वेळी एकाच दारात. मी एकदा घाईत दोन ठिकाणी दिला, दोन्हीकडून होकार आला, आणि एकाची माफी मागताना जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

सहावं काम: पाठवणं. मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की त्याची भेळ होते. अपूर्णांक, वर्गमूळ, घातांक असतील तर सोबत त्याच पानांची पीडीएफ जोडा म्हणजे कुठे काय हवं ते दिसतं. हातानं लिहिणाऱ्यांनी ६ आणि ९, १ आणि ९ नीट काढावेत. देवनागरी आकड्यांत घोळ होतो तो इथेच, आणि गणितात एक आकडा फिरला की सगळा लेख खोटा पडतो. सोबतच्या पत्रात चार ओळी लिहा:

"सोबत 'नंबरप्लेट आणि ६१७४' हा साधारण ९०० शब्दांचा लेख जोडला आहे. मूळ क्रिया श्री. द. रा. कापरेकर यांची आहे. ५४ जोड्या वर्गात वाटून सिद्धता करण्याचा अनुभव माझा आहे. लेख अन्यत्र दिलेला नाही. मी निवृत्त गणित शिक्षक असून जुने शहर, अकोला येथे राहतो."

दुसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. दुसऱ्याचं काय आणि आपलं काय, हे आपणच आधी सांगितलं की संपादकाला शोधत बसावं लागत नाही. 'आपल्या लोकप्रिय व दर्जेदार मासिकात' वगैरे लिहू नका.

वेळ साधा. दिवाळी अंकाचा मजकूर श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात, त्याच्या बऱ्याच आधी गेलेला बरा. कावड बघून लिहायला बसणारा पुढच्या दिवाळीला छापला जातो. २२ डिसेंबरला रामानुजन जयंती, तोच राष्ट्रीय गणित दिन. १७ जानेवारीला कापरेकरांची जयंती. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. या दिवसांच्या आसपास पेपरांना गणित हवंच असतं आणि लिहिणारा मिळत नसतो.

नकार आला तर पत्रात कारण आहे का बघा. कारण असेल तर ती मेहरबानी समजा आणि त्याप्रमाणे बदला. नसेल तर पुढच्या दारात जा. तीन-चार महिने काहीच आलं नाही तर एक नम्र स्मरणपत्र पाठवावं. दोन पाठवू नयेत.

पैसे मागितले तर सरळ वळा. 'आंतरराष्ट्रीय संशोधन पत्रिका' असं लांब नाव, तीन दिवसांत स्वीकृती आणि लगेच फी किती ते सांगणारी मेल येते. तिथे गणित कोणी वाचलेलंच नसतं. छापायला पैसे द्यायचेच असतील तर ते आपल्या गल्लीतल्या छापखान्याला द्या आणि स्वतःची पुस्तिका काढा. कापरेकरांनी तेच केलं. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं ते देवळालीत शाळामास्तर होते. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या नाव दिलं आणि अशा विषयांवरच्या बारक्या पुस्तिका स्वतःच छापल्या. १९६३ सालची स्वयंभू संख्यांवरची पुस्तिकाही देवळालीहूनच निघाली. पुस्तिकेच्या पन्नास प्रती पुरतात, पण त्या कोणाला पाठवायच्या याची यादी आधी करा. गणित शिकवणाऱ्यांना आणि वाचनालयांना, नातेवाइकांना नव्हे.

आणि घाई करू नका. चार आकड्यांचा तो खेळ कापरेकरांनी न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त १९४९ साली छापला, ६१७४वर पुन्हा १९५५ साली लिहिलं. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं ते मार्च १९७५मध्ये. मधे सव्वीस वर्षं गेली. तोवर मास्तर निवृत्त होऊन शिकवण्या घेत होते.

डाबकी रोडवरच्या मुलानं आता पाच आकड्यांवर नेट लावला आहे. तिथे ६१७४सारखं एक ठिकाण नाहीच. गाडी फेऱ्यात सापडते: ५३९५५चे होतात ५९९९४ आणि ५९९९४चे पुन्हा ५३९५५. "सर, हे त जुन्या शहरातल्या गल्ल्यांवानी झालं, फिरून तेथीच," तो म्हणाला. हेही जुनंच आहे, छापलेलं आहे, ते त्याला सांगितलं. पण त्याचं ते वाक्य कुठेच छापलेलं नाही, म्हणून लेखाची सुरुवात त्यानंच करायला लावली आहे. गणित दिनाच्या पानासाठी हवा असेल तर मजकूर नोव्हेंबरातच पोचलेला बरा. तुमचाही असेल तर आत्ताच काढा.